चांगलं वागायला देव लागतो का?

(शताब्दी वर्षाच्या वारीत लोणंदच्या मुक्कामी, रात्रीच्या हरिपाठानंतर दिंडीच्या राहुटीत झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज नीरास्नान झालं, आपण सातारा जिल्ह्यात पाय ठेवला. म्हणजे घरच्या अंगणात आलो म्हणायचं. पाय दुखतायत, डोळे मिटतायत, ते मला दिसतंय. तरी मालकांनी सांगितलं, गुरुजी, दिंडीला शंभर वर्षं झाली, चार शब्द बोला. आता मी काही कीर्तनकार नव्हे. मी शाळामास्तर. अभंगाचं निरूपण माझ्याकडून होणार नाही, आणि अभंग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मी जन्मभर गणित शिकवलं. गणितात एक चांगली सवय लागते. उत्तर आलं की पेन खाली ठेवायचं नाही, ताळा करून बघायचा. आज मी ताळ्याबद्दलच बोलणार आहे.

विषय मी शोधला नाही, पोरांनी दिला. आपल्यातली शिकणारी पोरं दोन-तीन दिवस चालता चालता विचारतायत, "गुरुजी, देव न मानणारी माणसंही चांगली असतात. आणि देव मानणारी सगळीच चांगली असतात असंही नाही. मग चांगलं वागायला देव लागतो का? धर्म लागतो का?" काही जुन्या मंडळींना राग आला. म्हणाले, कॉलेजात गेली आणि शिंगं फुटली. मला तसं वाटत नाही. पोरगं वारीत चालता चालता हे विचारतंय, घरी बसून टिंगल करत नाही. शंभर वर्षं चाललेल्या दिंडीनं एका प्रश्नाला भ्यायचं काय कारण? उत्तर असेल तर देऊ. नसेल तर मिळून शोधू.

तर पहिल्यांदा प्रश्नाचा पहिला भाग. देव न मानणारा माणूस चांगला असतो का?

लांब जायला नको. कराडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू गाव आहे. तिथं १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची गरिबी अशी, की शिकताना अंगात एकच सदरा. रात्री धुवायचा, वाळवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असं सांगतात. या माणसानं एम.ए. केलं. त्या काळात एम.ए. म्हणजे सरकारी नोकरी, मोठा पगार, गावात मान. त्यांनी आईला पत्र लिहिलं, की तुझा मुलगा मोठ्या पगाराचा होईल ही आशा सोड, मी पोटापुरता पैसा घेऊन बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. आणि तसंच केलं. शाळा काढणाऱ्यांत सामील झाले, फर्ग्युसन कॉलेजात शिकवलं, १८८८ साली 'सुधारक' पत्र काढलं. बालविवाहाविरुद्ध लिहिलं, विधवा बाईचे केस कापतात त्याविरुद्ध लिहिलं. शास्त्रात आहे म्हणून मानायचं हे त्यांना मंजूर नव्हतं. बुद्धीला पटेल तेच मानायचं. पूजाअर्चा, परलोक, पुण्याचा साठा, यातलं काही त्यांच्या हिशेबात नव्हतं. पुण्यातल्या कर्मठांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. घरासमोरून नेली म्हणतात. तरी मागं फिरले नाहीत. १८९५ साली गेले, चाळिशी गाठली नव्हती. जाताना आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर नको म्हणून थोडे पैसे बाजूला बांधून ठेवले होते, असंही सांगतात.

आता सांगा. या माणसाला स्वर्ग मिळणार नव्हता, म्हणजे त्याची तशी अपेक्षाच नव्हती. नरकाची भीती नव्हती. पुढचा जन्म नव्हता. मग कशासाठी केलं हे? दुसऱ्याच्या घरातली दहा-बारा वर्षांची विधवा पोर कोपऱ्यात रडते, ते त्यांना बघवत नव्हतं, म्हणून केलं. एवढंच कारण. मला विचाराल तर एवढं कारण पुरतं.

कुणी म्हणेल, आगरकर एखादाच. बरं, मोठं नाव सोडा. आपापल्या गावात बघा. देवळाकडं कधी न फिरकणारा, सप्ताहाची वर्गणी देताना कुरकुर करणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतो. आणि रात्री बाराला कुणाच्या घरी साप निघाला, कुणाची सून अडली, की पहिली मोटारसायकल त्याचीच सुरू होते. आहे का नाही? हसताय, म्हणजे आहे.

आता दुसरं उदाहरण. आपल्यातल्या बऱ्याच गावांत बौद्ध बांधवांची वस्ती आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला, त्यानंतर ही माणसं त्या वाटेनं गेली. त्या धम्मात जग निर्माण करणारा देव नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सरळ मांडलंय, की इतर धर्मांत देवाची जी जागा, ती धम्मात नीतीची. मग त्यांच्याकडं काय आहे? पंचशील आहे. जिवाची हत्या करणार नाही, न दिलेलं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही.

आता आपल्याकडं माळ घालताना काय कबूल करतो? मांस खाणार नाही, दारूला शिवणार नाही, परक्याचं धन घेणार नाही, परस्त्री आईसारखी मानीन, खोटं बोलणार नाही. शिवाय एकादशी आणि वारी.

एकादशी आणि वारी बाजूला ठेवा. उरलेलं दोन्हीकडचं शेजारी शेजारी मांडा. काय फरक आहे? देव आहे की नाही यावर त्यांचं आपलं एकमत नाही. दारू पिऊन बायकोला मारू नये यावर पूर्ण एकमत आहे. म्हणजे पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळालं. देवाबद्दल वेगळं मत असणारी माणसं नीतीच्या बाबतीत एका वाटेला येऊ शकतात. आणि आलेली आहेत.

तसं बघितलं तर साधी गोष्ट आहे. दया शिकायला पोथीच लागली असती, तर पोथी लिहिण्याआधीची माणसं एकमेकांना खाऊन कधीच संपली असती. पहिली पोथी लिहिणाराही कुणीतरी भाकरी घातली म्हणूनच जगला असेल ना!

आता प्रश्नाचा दुसरा भाग. तो जरा बोचणारा आहे. देव मानणारा माणूस चांगला असतोच का?

आपण पंढरपूरला पोचलो की महाद्वारात नामदेव पायरी, आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. तिथं सगळेच माथा टेकतो. पण तिथं थांबून एक गोष्ट मनात आणा. चोखोबा मंगळवेढ्याला कुसू कोसळून गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारात ठेवल्या. आत नाही, दारात. आणि त्यानंतर चोखोबांच्या माणसांना त्या दाराच्या आत जायला किती काळ लागला? सहाशे वर्षं! सहाशे वर्षं ही माणसं दारापाशी येऊन, कळसाला हात जोडून परत गेली. त्यांना अडवणारे कोण होते? नास्तिक होते का? मुळीच नाही. रोज स्नान करणारे, एकादशी पाळणारे, चोखोबांचे अभंग डोळे मिटून गाणारे. अभंग आत, आणि अभंग लिहिणाऱ्याचे नातेवाईक बाहेर.

१९४७ साली साने गुरुजी तिथं उपोषणाला बसले. त्याआधी महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांना समजावलं होतं. १ मे ते १० मे असं उपोषण झालं. पंढरपुरात बसायला जागा मिळणंही सोपं नव्हतं. तनपुरे महाराजांच्या मठानं जागा दिली. दहाव्या दिवशी मंदिर सर्वांना खुलं करायचं मान्य झालं, तेव्हा गुरुजींनी उपोषण सोडलं. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा तीन महिने उरले होते.

या गोष्टीचा ताळा करून बघा. दार बंद ठेवणारे धर्माचं नाव घेत होते. दार उघडा म्हणणारे गुरुजीही देवमाणूस, नास्तिक नव्हेत. जागा देणारा मठही वारकऱ्यांचा. म्हणजे धर्म दोन्हीकडं होता. मग खरं कोण आणि खोटं कोण, हे ठरवलं कशानं? पोथीनं ठरवता आलं नसतं, पोथ्या दोघांकडंही होत्या. ठरवलं ते एका साध्या मापानं. माणसाला माणसानं दारातून हाकलावं का? हे माप लावलं आणि निकाल लागला.

म्हणून मी म्हणतो, धर्म नीतीला जन्म देतो की नाही हा पंडितांचा वाद राहू द्या. पण धर्म बरोबर चाललाय का हे तपासायचं माप नीतीचंच असतं. उत्तर धर्माचं, ताळा नीतीचा. ताळा जुळला नाही तर उत्तर पुन्हा काढायचं. मग ते कितीही जुन्या वहीत लिहिलेलं असो.

कुणी म्हणेल, गुरुजी, हे संतांना मानवलं असतं का? अहो, संतांनीच हे केलं. नाथ महाराजांची गोष्ट आपल्या पोराटोरांना माहीत आहे. काशीहून गंगा कावडीत भरली. रामेश्वराला अभिषेक करायचा. शेकडो कोसांची चाल. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडतंय. नियम काय सांगतो? कावड खाली टेकवायची नाही, थेंब सांडायचा नाही. नाथांनी कावड त्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. आता नाथांना ही दया नियमानं शिकवली का? नियम तर उलट होता. आतून उमटली. आणि मग त्यांनी म्हटलं, माझा रामेश्वर इथंच पावला. आधी दया उमटली आणि नंतर तिला देवाचं नाव मिळालं. हा क्रम ध्यानात ठेवा.

तुकोबांचं तसंच. घरात सावकारी. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ, माणसं अन्नाविना मेली. लोकांकडं येणं होतं, कागद होते. तुकोबांनी आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. भावाच्या वाट्याचे भावाला ठेवले, असं परंपरा सांगते. मला त्यातलं हे दुसरं जास्त आवडतं. स्वतःचं सोडलं, पण दुसऱ्याचं सोडून उदार झाले नाहीत. आपल्यात काही जण भावाच्या हिश्श्यातून पंगत घालतात आणि पाटीवर स्वतःचं नाव लावतात. तुकोबांचा हिशेब चोख होता.

बरं, मग एवढं सगळं झाल्यावर पोरं म्हणतील, "गुरुजी, तुम्हीच सांगितलंत धर्माशिवाय चांगलं राहता येतं. मग ही वारी कशाला? एवढं चालायचं कशाला? घरी बसून चांगलं राहू."

थांबा. इथं मला जुन्या मंडळींच्या बाजूनं बोलायचं आहे.

आज संध्याकाळी समाज आरतीला तुम्ही सगळे उभे होता. चोपदारांनी चोप वर केला, "होऽ" अशी हाक दिली, आणि हजारो टाळ एका क्षणात थांबले. पोलीस नाही, शिट्टी नाही. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, समजूत काढतात, मगच आरती. हरवल्या-सापडल्याचा पुकाराही होतो. कुणाला घड्याळ सापडलं, कुणाला पैशांचं पाकीट, कुणाला मंगळसूत्र. सापडलं म्हणून आणून देणारा माणूस कोण असतो? बऱ्याच वेळा ज्याच्या स्वतःच्या खिशात परतीच्या एस.टी.चं भाडं नसतं असा. त्यानं ते मंगळसूत्र ठेवून घेतलं असतं तर कुणाला कळलं असतं?

तो का देतो? तीन कारणं असू शकतात. एक, देव बघतोय ही भीती. दोन, लोक काय म्हणतील ही लाज. तीन, जिचं हरवलंय ती बाई आत्ता कुठंतरी रडत बसली असेल, हे त्याला दिसतं.

भीतीचं म्हणाल, तर आता चौकाचौकात कॅमेरे बसलेत. कॅमेरा बघतो म्हणून चोरी न करणारा आणि देव बघतो म्हणून चोरी न करणारा, यांच्यात मला फार फरक वाटत नाही. कॅमेरा बंद पडला की पहिला चोरी करणार. आणि दुसरा? तो काही तरी नवस बोलून, अभिषेक घालून देवाला गप्प करायला बघणार. आपण तर विठ्ठलाला माउली म्हणतो. आईला भिऊन चांगलं वागणारं लेकरू आणि आईला वाईट वाटू नये म्हणून चांगलं वागणारं लेकरू, यातलं आपलं कुठलं? भक्ती म्हणायची तर दुसऱ्याला म्हणायला पाहिजे.

लाजेचं म्हणाल, तर ती वाईट नाही. चारचौघांत माणूस सावरतो. पण चारचौघं उठून गेले की सुटतो.

खरं तिसरं कारण. समोरच्याचं दुःख दिसणं. हे सगळ्यांच्या आत असतं, नास्तिकाच्याही असतं. पण ते झोपतं हो! शेतीच्या कामात, पोरांच्या फीच्या काळजीत, बँकेच्या हप्त्यात, भाऊबंदकीत ते झोपतं. आणि त्याला उठवायला काहीतरी लागतं. पखवाज शिकणाऱ्याला हात असतातच. पण रोज बसल्याशिवाय बोल उमटत नाही. एखाद्याला उपजत ताल असतो, तो गुरूवाचून वाजवील. आपल्यासारख्या साध्या माणसांना रोजचा रियाज लागतो, सोबत लागते, चुकलो तर डोळे वटारणारा शेजारी लागतो.

वारी हा तो रियाज आहे. वीसेक दिवस तुम्ही कुणाच्याही पाया पडता, तोही तुमच्या पडतो. घरी ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या शेजारी झोपता. एका ताटात उरलेली भाकर दोघं खाता. तुमच्या पायातला काटा अनोळखी बाई काढते, आणि तुम्ही तिला माउली म्हणता. चांगुलपणा सांगून येत नाही, करून येतो. तो करायला जागा लागते. ती जागा कुणाला संघटनेत मिळते, कुणाला दवाखान्यात रोगी बघताना मिळते, कुणाला विहारात, कुणाला मशिदीत. आम्हाला इथं मिळाली. माझ्या माहितीतली कितीतरी घरं माळेनं वाचली. बाप पिऊन गटारात पडायचा. पंढरपुरात माळ घातली आणि त्या दिवसापासून घरात चूल वेळेवर पेटायला लागली. त्या घरातल्या बाईला जाऊन सांगा बरं, की धर्माची गरज नसते. ती तुम्हाला लाटणं घेऊन मारील! आणि बरोबर करील.

म्हणून माझं म्हणणं नीट ऐका. चांगलं वागायला धर्म लागतोच असं नाही. पण धर्माला चांगलं वागणं लागतंच. पहिल्या वाक्यानं आपण देव न मानणाऱ्याला हिणवायचं थांबू. दुसऱ्या वाक्यानं स्वतःला तपासू. आणि पोरांनो, तुम्हालाही एक सांगतो. देव सोडला म्हणजे आपोआप शहाणपण आलं असं समजू नका. देवळात न जाणाराही हुंडा घेतो, आईबापाला विचारत नाही. ताळा त्यालाही करावा लागतो. त्यातून सुटका कुणाचीच नाही.

आता शेवटचं, आणि ते आपल्या दिंडीबद्दल.

शंभर वर्षांचं पुस्तक निघणार आहे. त्यात कोण कोण विणेकरी झाले, कुणी तंबू दिला, कुणी ट्रक दिला, सगळं येईल. आलं पाहिजे. पण माझ्या मनात एक दुसरी वही आहे. ती वर्षभराची, आषाढीनंतरची.

त्या वहीतलं पहिलं पान बांधाचं. एकादशी मोडत नाही, पण नांगर धरला की दर वर्षी शेजाऱ्याचा बांध एक तास कोरतो, असे माळकरी आपल्यात आहेत का? मी नाव घेत नाही. खाली बघू नका, वर बघा. परक्याचं धन घेणार नाही म्हणून माळ घातली, मग शेजाऱ्याची माती परकी नाही का?

दुसरं पान बहिणीचं. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्यानं मुलीला वडिलार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. आपण काय करतो? बाप गेल्यावर दिवस पूर्ण व्हायच्या आत हक्कसोडीचा कागद पुढं करतो. बहीण रडतच असते, त्यातच सही करते. न दिलं तर माहेर तुटेल ही भीती. दिवाळीला साडी घेतली की आपण मोकळे. बहिणीनं खुशीनं सोडलं असेल तर प्रश्न नाही. पण तिला विचारलं होतं का? की नुसती सहीची जागा दाखवली? आगरकरांना देव नव्हता, पण दुसऱ्याच्या घरातली रडणारी पोर दिसत होती. आपल्याला देव आहे, आणि घरातली बहीण दिसत नसेल, तर ताळा कुठं चुकला?

तिसरं पान मुक्कामाच्या गावाचं. आपण ज्या रानात उतरतो, ते कुणाचं तरी पिकाचं रान असतं. उठून जाताना तिथं काय ठेवतो? गाडगेबाबा आठवा. पंढरपुरात यायचे, हातात खराटा, दिवसभर वाळवंट आणि रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या, त्यातली एक चोखोबांच्या नावानं. पण स्वतः दर्शनाच्या रांगेत उभं राहायची त्यांना घाई नव्हती. देवाचं दर्शन त्यांना खराट्याच्या टोकाला होत असावं. १९५६ साली ते गेले. त्या खराट्याला आपण फोटोत हार घालतो. उद्या पहाटे राहुटी उठली की प्रत्येक पोरानं पत्रावळ्या, प्लॅस्टिकचे पेले गोळा करूनच पाठीला पिशवी लावायची. तेवढं केलं तर हार नाही घातला तरी चालेल.

चौथं पान वस्तीचं. पूर्वी आपल्या वाटेवरच्या काही वस्त्यांचं पाणी दिंडीला चालत नसे, हे आपल्यातल्या म्हाताऱ्यांनी लहानपणी बघितलंय. आज चालतं का? बहुतेक ठिकाणी चालतं. पण गावी परत गेल्यावर त्यांच्या लग्नाच्या पंगतीत किती जण बसतो? बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढलं तेव्हा त्याच्या माथ्यावर तुकोबा होते. अस्पृश्यतेच्या इतिहासावरचं आपलं इंग्रजी पुस्तक अर्पण करताना त्यांनी ज्या संतांची नावं घेतली, त्यात चोखोबा आहेत. त्यांनी आपल्या संतांचा मान ठेवला. संतांच्या नावानं चालणाऱ्या आपण त्यांच्या लेकरांचा ठेवला का?

ही चार पानं भरून काढायला मोठा पैसा लागत नाही. मी मालकांना एक सुचवलंय. कार्तिकीला गावात दिंडी जमते, तेव्हा जसा वारीत हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो, तसा गावातही करायचा. कुणाचं नाव घेऊन उणंदुणं काढायचं नाही. ज्यानं मोजणी आणून बांध सरळ केला, ज्यानं बहिणीला परत विचारलं, त्यानं फक्त उठून म्हणायचं, "सापडलं ते दिलं." बास. टाळ्या नकोत, हार नकोत. आणि ज्याची तक्रार असेल त्यानं टाळ वाजवत राहायचं. त्याच्याकडं आपण जाऊन ऐकून घ्यायचं. चोपदारांनी शिकवलेली रीत आहे, नवं काही नाही.

आणि ज्या पोरांना देवाबद्दल शंका आहे, त्यांनी शंकेसकट चालावं. त्यांच्या गळ्यात जबरदस्तीनं माळ घालू नका. माळ ही कबुली आहे, आणि कबुली दुसऱ्याच्या वतीनं देता येत नाही. त्यातला एखादा उद्या म्हणेल, मला देव पटत नाही, पण मी म्हाताऱ्या आजीची पिशवी घेऊन पंढरपूरपर्यंत येतो. त्याला पुढच्या रांगेत घ्या. पिशवी उचलणाऱ्याला विठ्ठल ओळखीचा नसेल, पण विठ्ठलाला तो ओळखीचा असेल, असा माझा तरी भाव आहे. तुम्हाला पटेल तर घ्या. नाही तर ताळा करून बघा.

बराच वेळ घेतला. उद्या चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण आहे. लवकर झोपा. पाण्याची टाकी भरून ठेवा, आणि सकाळी निघताना रान साफ करून निघा.

रामकृष्ण हरी!